आलेख चालून दाखव

तुमच्या दारावरून एखादी गाडी धुरळा उडवत गेली, तर तुम्ही काय करता? "केवढ्या जोरात गेली बघा," म्हणून दोन शिव्या हासडून घरात येता, की ती नेमकी किती जोरात गेली हे कधी मोजून पाहिलंत? विचारते आहे, कारण नववीत जाईपर्यंत मीही नुसत्या शिव्याच हासडत होते, आणि त्याही छापील.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता. एक जुनी ऑफसेट मशीन, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, आणि भिंतीला लागून कागदांच्या थप्प्या. लग्नसराईत पत्रिका, दिवाळीच्या आधी दुकानदारांची बिलबुकं, आणि उरलेलं सगळं वर्ष पत्रकं. कोणाच्या मोहल्ल्यात पाणी आलं नाही, पत्रक. रेशनला गहू किडका आला, पत्रक. ज्याची तक्रार त्याला नीट लिहिता येत नसे, म्हणून बाबा लिहून देत, आणि लिहिता लिहिता ती तक्रार त्यांची स्वतःची होऊन जाई. त्यांच्या पत्रकात वाक्य कधी एकटं संपत नसे, त्याच्या मागे तीन उद्गारचिन्हांचा बंदोबस्त असे. मी अक्षरं ओळखायला लागले ती या पत्रकांवर. 'जाहीर' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आला. उरलेली पत्रकं आमच्याकडे वाया जात नसत. फडताळात पोह्याचा डबा 'तीव्र निषेधा'वर बसलेला असे, माय भाकरी 'चलो तहसील'मध्ये गुंडाळून शेतात नेई, आणि मी पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवी. कागद पातळ असला की माझ्या बेरजांच्या मागून 'जागे व्हा' उलट्या अक्षरांत डोकावत राही.

शेत मायच बघायची. गावाबाहेर आमचं थोडं रान होतं, कपाशी आणि तूर. बाबा दिवसभर जगाचं शेत निंदत असल्यामुळे घरचं निंदायला माय. हिवाळ्यात वेचलेला कापूस मधल्या खोलीत छताला लागेपर्यंत भरलेला असायचा आणि आम्ही त्याच्यावर झोपायचो. अंगाला खाज सुटायची, पण तशी ऊब नंतर मला कुठल्याच गादीत मिळाली नाही. मिलमध्ये कापसातून सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं की साऱ्या गावावर एक घरघर पसरायची, दिवसरात्र, इतकी सारखी की ती ऐकू येणं बंद व्हायचं. ऐकू यायची ती मिल थांबल्यावर. संध्याकाळी माय ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसायची. सोल्याची भाजी, ज्वारीची गरम भाकर, वर कच्चं तेल आणि ठेचा. आजही कुठे छपाईच्या शाईचा वास आला की मला सोल्याची भाजी आठवते, लोकांना हे सांगितलं तर हसतात.

बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं होतं. त्याचा त्रास त्यांना नव्हता, मला होता. हजेरीला सरांनी "क्रांती" म्हटलं की मागच्या बाकावरून "झिंदाबाद" यायचं. सगळे सर त्यावर ओरडायचे. एकटे राठोड सर ओरडत नसत. ते थांबायचे, मागच्या बाकाकडे शांतपणे बघायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. राठोड सर आम्हाला विज्ञान शिकवायला त्याच वर्षी आले. तांड्यावरून रोज मोटरसायकलने यायचे, आवाज लहान, इतका की वर्गाला गप्प बसावंच लागे. मला ते सुरुवातीला आवडले नाहीत. लहान आवाजाच्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, अशी माझी त्या वयातली पक्की समजूत होती.

पहिलाच धडा गतीचा होता. चाल आणि वेग वेगळे, हे सरांनी फळ्यावर लिहिलं. चाल सांगते किती, वेग सांगतो किती आणि कुठे. अंतर म्हणजे पाय जेवढे चालले तेवढं, आणि विस्थापन म्हणजे निघालो तिथून शेवटी किती लांब पोचलो ते. मी घरी येऊन मायला सांगितलं, "माय, तू सकाळी वावरात गेली अन् संध्याकाळी घरी आली, तर तुहं विस्थापन शून्य."

माय शेंगा सोलत होती. तिने वरही पाहिलं नाही. "तुह्या सरले सांग, माह्या पायाले विचारून पाय म्हणा."

मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात खरंच सांगितलं. सर हसले. "बरोबर बोलली तुही माय. पायाले अंतर समजते. विस्थापन घराले समजते. दोन्ही लिहायचं असते."

मग आलेख आले. आमच्या शाळेला लांबलचक व्हरांडा होता, चौकोनी फरश्यांचा. एका टोकाला पिण्याच्या पाण्याचा माठ, दुसऱ्या टोकाला टांगलेली घंटा. सर फळ्यावर आलेख काढायचे, खाली वेळ, बाजूला अंतर, आणि एकेकाला बाहेर न्यायचे. "हं, आता चालून दाखव." माठ म्हणजे शून्य. सर टाळ्या वाजवायचे, एक टाळी म्हणजे वेळेचं एक घर. रेघ तिरपी असली की सारखं चालायचं, जास्त चढी असली की भरभर, आडवी असली की उभं राहायचं. रेघ खाली आली तेव्हा एका मुलाने व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून थेट मैदान गाठलं होतं. "अबे, खाली कायले गेला?" सर म्हणाले, "रेघ खाली येते म्हणजे तू माठाकडे वापस ये." आम्ही पोट धरून हसलो. माझी मैत्रीण पल्लवी मात्र पहिल्याच दिवशी न चुकता चालली. ती जवळच्या खेड्यावरून सायकलने यायची, रस्ता तिच्या पायात होता. माझं मात्र जमेना. मी आलेख पाहिले होते ते बाबांच्या पत्रकांवर, खताचे भाव वर चढलेले आणि कापसाचा हमीभाव खाली घसरलेला. रेघ माझ्यासाठी कोणाच्या तरी बाजूची असायची. सगळ्यांत राग यायचा तो आडव्या रेघेचा. माझी पाळी आली की आडव्या रेघेवर मी अर्ध्या टाळीत पुढे सरकायची.

"क्रांती, थांब न."

"सर, नुसतं उभं राहून काय होते?"

"वेळ होते," सर म्हणाले. "उभं राहणंही लिहावं लागते."

शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडुनिंबाखाली हलीमा खाला बसायची. टोपल्यात बोरं, चिंचा, आवळे, उकडलेल्या शेंगा. तिचा नवरा ट्रकवर होता, तो गेल्यापासून ती तिथे होती, असं माय सांगायची. ती कोणालाही नावाने हाक मारत नसे. पल्लवी 'सायकलवाली', मी 'पत्रकवाल्याची पोट्टी'. मला मूठभर बोरं जास्त टाकायची आणि वर ऐकवायची, "तेरे अब्बा को बोल, मेरी बोरों का भी एक पत्रक निकाले. सब कीडे का निषेध करते, एक तो अच्छी चीज पे लिखो." रस्ता सरळ होता. एका टोकाला बाजार समितीचा नाका, दुसऱ्या टोकाला जिनिंग मिल, आणि मिलच्या अलीकडे आमची शाळा. कापसाच्या मोसमात त्या रस्त्याने ट्रक, मेटॅडोर, ट्रॅक्टर, सगळं मिलकडे जायचं. पांढरे पुंजके रस्त्याच्या कडेला बोरीच्या काट्यांना अडकून राहायचे.

त्या हिवाळ्यात एक दिवस शाळा सुटायच्या सुमारास एक ट्रक समोरच्या ट्रॅक्टरला टाळायला गेला आणि कडुनिंबाखाली घुसला. सुदैवाने खाला पाण्याला फाटकात आली होती. झाडाला टेकवलेली पल्लवीची सायकल दुमडली आणि बोरांचं टोपलं चेंदलं. कोणाला लागलं नाही. ड्रायव्हर उतरला, दोन मिनिटं डोक्याला हात लावून बसला. खालाने त्याला पाणी दिलं आणि मग सावकाश, मुद्देसूद शिव्या दिल्या.

शनिवारी पालकसभा बोलावली गेली. मिलचे मॅनेजर शाळेच्या समितीवर होते. आमच्या वर्गांतले पंखे मिलनेच दिलेले होते, ते चालू असताना त्याची आठवण राहायची. मॅनेजर वाईट नव्हते, हे मला आज लिहिता येतं. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या गाड्या जोरात जातात म्हणता. नाक्यावर पावती फाटते, तिच्यावर टाइम असते. आमच्या गेटवर पुन्हा टाइम टाकतो आम्ही. मी पाह्यलं. नाक्यापासून गेट दोन किलोमीटर, गाडीले लागतात दहा मिनिटं. म्हणजे तासाले बारा किलोमीटर. एवढ्यात तर पोट्टे सायकलवर पुढे जातात!" सभा हसली. "मंग घोळ कशाचा हाय? त्या बोरंवाल्या बाईचा. लेकरं रस्ता न पाहता तिच्याकडे धावतात. तिले आठवडी बाजारात जागा देऊ. तिचंही भलं, लेकराईचंही भलं."

बाबा उठले. "जाहीर निषेध करतो मी याचा! गरिबाच्या पोटावर..."

"करा न," मॅनेजर म्हणाले. "पण बारा किलोमीटरचं काय करता?"

बाबा खाली बसले. मी त्यांना भाषण अर्ध्यावर सोडताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या शनिवारी ठराव घ्यायचा ठरलं. बाहेर खाला फाटकाशी उभी होती, आत काय झालं ते तिला कोणीतरी सांगितलं होतं. "बाजार में मेरेको कौन पूछेगा रे?" ती म्हणाली. "वहाँ तो बोरों के पहाड लगते. मेरे गिऱ्हाइक तो ये पोट्टे है." त्या दिवशी तिने मला बोरं दिली ती मोजून दिली. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी मी आणि बाबा पत्रकाला बसलो. मी म्हटलं, "बाबा, आलेख टाकू. शाळेत शिकवला हाय." बाबांचे डोळे चमकले. मी दोन अक्ष काढले आणि शाळेच्या जागी एक रेघ काढली, सरळ उभी, खालून वर, पट्टीने दाबून जाड केलेली. खाली बाबांनी मोठ्या टायपात लिहिलं, 'हा पाहा मरणाचा वेग!!!' एक नमुना काढून बाबांनी तो दिव्याखाली धरला. "पोरी, हे म्हणजे पत्रकाचं विज्ञान झालं," ते म्हणाले. मला वाटलं, मॅनेजर संपला.

सोमवारी मी ते राठोड सरांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि व्हरांड्याकडे बोट केलं. "चालून दाखव."

मी माठाजवळ उभी राहिले. सरांनी टाळीसाठी हात उचलले. "ही रेघ चालायची म्हणजे टाळी वाजायच्या वेळेले तुले माठापाशीही असायचं हाय, घंटीपाशीही, अन् मधातही. सगळीकडे एकदमच." टाळी वाजली. मी जिवाच्या आकांताने धावले. "नाही. वेळ लागला तुले. पुन्हा." पुन्हा धावले. "लागला." तिसऱ्यांदा मी घंटेवर जाऊन आदळले आणि अख्ख्या शाळेला वाटलं तास संपला. पल्लवी हसून खाली बसली होती.

"सर," मी धापा टाकत म्हणाले, "गाडी लयच जोरात जाते, म्हणून उभी काढली."

"लयच म्हणजे किती?"

"लयच!"

"हे एकक पुस्तकात कोणत्या पानावर हाये?"

मला रडू येत होतं, रागाचं. सर जवळ आले. त्यांचा आवाज नेहमीइतकाच लहान होता. "क्रांती, उभी रेघ म्हणजे वेळ गेलाच नाही. अशी तर कोणतीच गाडी जात नाही. मॅनेजर साहेब हे पाहून हसतीन, अन् त्याईच्या हसण्यात खालाची जागा जाईन. तुले त्याईले हसवायचं हाय काय?"

"पण त्याईचं गणित खोटं हाय."

"खोटं नाही. मी करून पाह्यलं. दोन किलोमीटर, दहा मिनिटं, बाराच येते." त्यांनी पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. "गणित बरोबर हाय, अन् टोपलंही चेंदलं. दोन्ही खरं कसं, हे शोध."

त्या घडी केलेल्या कागदावरची ती उभी रेघ मी घरी जाताना पुन्हा पाहिली. ती बाबांच्या उद्गारचिन्हासारखीच दिसत होती, फक्त खाली टिंब नव्हतं. आज मी स्वतः पत्रकं लिहिते, यवतमाळात शिकताना खोलीतल्या मुलींच्या तक्रारींपासून बसच्या वेळांपर्यंत सगळ्यावर. हात अजूनही तीन चिन्हांकडे जातो. तेव्हा माठ आणि घंटा यांच्यामधला तो व्हरांडा आठवतो आणि मी दोन खोडते.

शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिच्याजवळ उभं राहिलं की एकीकडे नाका आणि दुसरीकडे मिलचं फाटक, दोन्ही दिसायचं. सरांनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली. खेळाचं मैदान आखायची पांढरी फक्की आणि टेप घेऊन आम्ही शाळेसमोर रस्त्याच्या कडेला दोन खुणा केल्या, बरोबर शंभर मीटरवर. पल्लवी फाटकाच्या आत ओढणी घेऊन उभी, मी वेळ मोजायला सरांचा मोबाइल घेऊन गच्चीवर. मधली सुटी आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ, असा आमचा कारखाना चालायचा. गाडी पहिली खूण ओलांडायची, पल्लवी ओढणी वर करायची. दुसरी ओलांडली की खाली.

पण त्याच्या आधीचं, गाडी नाक्यावर आल्यापासूनची वेळ लिहायचं कामच मला सोसेना. ट्रक नाक्यावर यायचा, पावती घ्यायचा, आणि थांबायचा. नाक्याला लागून मारोतीचं देऊळ आहे आणि त्याच्या शेजारी तर्री-पोह्याचं हॉटेल. आमच्याकडे कापसाची गाडी मारोतीच्या पाया पडल्याशिवाय पुढे जात नाही. ड्रायव्हर उतरणार, नमस्कार करणार, ताडपत्रीची दोरी ओढून बघणार, आणि एवढं उतरलोच आहोत तर प्लेटभर पोहे. यात वेगळं काही आहे असं गावात कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. मी वरून ओरडायची, "सर, हा तर उभाच हाय! लिहू काय?"

"लिही," खालून यायचं. "उभं राहणंही लिही."

मग एखादा ड्रायव्हर उठायचा, आणि त्याची गाडी सुरू झालेली ऐकली की बाकीचे प्लेटा टाकून पळायचे. कारण मिलच्या वजनकाट्यावर जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी. मागे राहिलेल्याला कधी कधी रात्र गेटबाहेर काढावी लागायची. देवळापर्यंत निवांत असलेली माणसं देवळापासून शर्यत लावायची, आणि ती शर्यत ऐन भरात यायची आमच्या फाटकासमोर. पल्लवीची ओढणी वर जाऊन खाली यायला सहा सेकंद लागायचे. शंभर मीटर, सहा सेकंद. मी गच्चीवरच पाठकोऱ्या पत्रकावर गुणाकार केला. तासाला साठ किलोमीटर. मी तो पुन्हा केला, कारण पहिल्यांदाच माझ्या रागाला आकडा आला होता आणि तो 'लयच'पेक्षा लहान असूनही मला जास्त भीतीदायक वाटला.

घरी कापसावर पालथी पडून मी आलेख काढला. नाक्याजवळ लांब आडवी रेघ, सात मिनिटांची. मग तीन मिनिटांत सगळं अंतर, शाळेसमोर सगळ्यात चढी रेघ, पण उभी नाही. मायने शेंगा सोलता सोलता पाहिलं. "हे काय व, जिना काय?"

"नाही माय, गाडी. इथे पोहे खाल्ले, इथे पळाली."

"अन् इथे?"

"इथे आपली शाळा."

बाबा चष्मा लावून आले. "मथळा काय देऊ? 'रक्ताची चाल' देऊ काय?"

"काहीच नका देऊ, बाबा. खाली वेळ, बाजूला अंतर. बस."

बाबांचा चेहरा उतरला. छापखान्याच्या मालकाला मथळ्याविना कागद म्हणजे बिनमिठाचं जेवण. पण त्यांनी छापला.

शनिवारी सभेत कागद वाटले गेले. मॅनेजरांनी तो उलटसुलट पाहिला. "हे काय समजन लोकाईले?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं, पुष्कळ लोक कागद आडवा धरून बसले होते. तेव्हा राठोड सर उठले. "पोरगी चालून दाखवते. एक टाळी म्हणजे एक मिनिट." टेबल म्हणजे नाका ठरला, दार म्हणजे मिलचं गेट. दारापासून थोडं अलीकडे, वाटेच्या कडेला, हलीमा खाला आपलं रिकामं टोपलं घेऊन जमिनीवर बसली होती. ती आपल्या जागेचा निकाल ऐकायला आली होती आणि खुर्चीवर बसायला नाही म्हणाली होती. शाळा कुठे समजायची हे कोणाला सांगावं लागलं नाही.

सरांनी टाळी वाजवली. मी टेबलाजवळ उभी राहिले. दुसरी टाळी. तिसरी. मी उभीच. सभेत चुळबुळ सुरू झाली. ज्या मुलीला कधी गप्प बसता आलं नाही ती सगळ्या गावासमोर नुसती उभी होती, आणि माझे पाय पुढे जायला शिवशिवत होते. बाबा खिशातल्या भाषणाच्या कागदाशी चाळा करत होते. पाचव्या टाळीला मॅनेजर म्हणाले, "काहून उभी हाय पोरगी? विसरली काय?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "तुमची गाडी नाक्यावर पोहे खाऊन राह्यली."

सभा हसली. यावेळी हसणं आमच्या बाजूचं होतं, पण सर थांबले नाहीत. सहावी. सातवी. आणि मी सुटले. तीन टाळ्यांत दार गाठायचं होतं. खुर्च्यांच्या मधून मी अशी धावले की कोणाची तरी पिशवी सांडली, आणि मी जवळ येताच खालाने, तिला कोणी काही सांगितलेलं नसताना, "या अल्ला!" म्हणून टोपलं ओढून छातीशी धरलं आणि स्वतः भिंतीला चिकटली.

मी दाराला जाऊन थांबले. खाला टोपलं धरून तशीच बसली होती, आणि टोपल्यात काहीच नव्हतं.

सर हळू आवाजात म्हणाले, "दहा टाळ्या झाल्या. अंतर तेवढंच. सरासरी साहेबांनी सांगितली तीच, बारा. साहेबांचं गणित बरोबर हाय. फक्त शाळेसमोर गाडी सरासरीनं जात नाही."

मॅनेजरांनी कागद पुन्हा हातात घेतला. त्यांचं बोट आडव्या रेघेवरून सरकत चढावर आलं आणि तिथेच राहिलं. "बरं," ते शेवटी म्हणाले, आणि आवाजात गोडवा नव्हता, म्हणून मला तो पहिल्यांदा खरा वाटला. "पण ड्रायव्हर लोकाईले मी सांगून ऐकतीन काय? नंबरसाठी पळतात ते. मी काय करू?"

मी मोजायला शिकले होते, त्याच्या पुढचं नाही. उत्तर दिलं पल्लवीने, जिची सायकल अजून दुकानात दुमडलेली पडली होती. मागून बसल्या जागेवरूनच ती म्हणाली, "नंबर नाक्यावरच द्या न साहेब. मंग धावतीन कायले?"

ठराव झाला नाही. म्हणजे खालाला हलवायचा झाला नाही. पुढच्या आठवड्यात मिलचा एक माणूस खडू घेऊन नाक्यावर उभा राहू लागला आणि गाडीच्या दारावर नंबर लिहू लागला. ड्रायव्हर पोहे तसेच खात राहिले, उलट आणखी सावकाश. शाळेसमोर गतिरोधकही झाला, पण उन्हाळ्यानंतर, आणि इतका बसका की खाला म्हणायची, "ये तो मेरी पापडी से भी पतला है." पण ती तिथेच आहे, कडुनिंबाखाली. सुटीत गावी गेले की मला मूठभर जास्त टाकते आणि विचारते, "आज कितने का स्पीड है?"

त्या पत्रकाची एक प्रत माझ्याकडे आहे. खूप दिवसांनी नीट पाहिली तेव्हा दिसलं की खालच्या अक्षावर, 'वेळ, मिनिटांत' याच्यापुढे, बाबांनी एक उद्गारचिन्ह टाकलं आहे. बारीक टायपात, एकच. मी त्यांना कधी विचारलं नाही. तेवढं त्यांचं असू दे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घराजवळ शाळा असेलच. तिच्यासमोर टेपने शंभर मीटर मोजून रस्त्याच्या कडेला फक्कीच्या दोन खुणा करा. कोणाला तरी फाटकाच्या आत ओढणी घेऊन उभं करा आणि घड्याळ घेऊन बसा. गाड्या कुठे थांबतात तेही लिहा, कंटाळा आला तरी लिहा. मग पाठकोऱ्या कागदावर आलेख काढा आणि शाळेच्या फाटकावर चिकटवा. मथळा देऊ नका. आणि तिथे कोणी टोपलं घेऊन बसलेली असेल, तर तिला उठवायचा ठराव येण्याआधी हे करा.